इंग्रजीचा सराव आणि मनाचा अभ्यास

महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय २००० साली अमलात आला. त्यास आता पाव शतक लोटले. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसलेली मुले आज तिशीत पोहोचली आहेत आणि त्यांच्यामागून आलेली पुष्कळ मुले बारावी, पदविका, पदवी अशा पायऱ्या चढून नोकरीच्या दारात उभी आहेत. या निर्णयाच्या बाजूने व विरुद्ध त्या वेळी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. परंतु एक गोष्ट उभय पक्षांना मान्य व्हावी. बारा-बारा वर्षे इंग्रजी हा विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्या ग्रामीण तरुणास 'स्वतःविषयी चार शब्द सांगा' असे कोणी इंग्रजीत विचारले, की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. गाळलेल्या जागा तो भरू शकतो, कर्तरी प्रयोगाचा कर्मणी प्रयोग करू शकतो, वेळ पडल्यास निबंधही पाठ म्हणून दाखवितो. मात्र समोरच्याचे साधे बोलणे कानांनी टिपून त्यास साधे उत्तर देणे त्याला साधत नाही.

वर्धा जिल्ह्यातील पवनारसारख्या गावाकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाची निकड ध्यानात येते. वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटरवर, नागपूरच्या वाटेवर, धाम नदीच्या काठी वसलेले हे गाव. विनोबांच्या आश्रमामुळे त्याचे नाव देशभर गेले. परंतु गावातील मुलामुलींचे प्रश्न इतर खेड्यांतल्यासारखेच आहेत. शेतीच्या उत्पन्नावर भरवसा उरलेला नाही. नोकरी शोधावी तर वर्धा, बुटीबोरी, नागपूर, नाही तर थेट पुणे गाठावे लागते, आणि तेथील मुलाखतीच्या टेबलापलीकडून पहिला प्रश्न येतो तो इंग्रजीतून. पाच मिनिटांच्या त्या संभाषणात या मुलांच्या बारा वर्षांच्या शिक्षणाचे मोल ठरते, आणि पुष्कळदा ते चुकीचे ठरते.

यावर उपाय म्हणून व्याकरणाची आणखी पुस्तके, आणखी शिकवण्या आणि आणखी परीक्षा सुचविल्या जातात. आमच्या मते उपाय निराळ्या दिशेने शोधावयास हवा. इंग्रजी ऐकण्याचा, बोलण्याचा आणि तिचे शब्द आपलेसे करण्याचा सराव रोजच्या जीवनातील मानसशास्त्राच्या विषयांवर बेतावा, अशी आमची सूचना आहे. विसरणे, राग, भीती, सवय, झोप, दुसऱ्याशी तुलना, निर्णय घेताना होणारी ओढाताण हे ते विषय. प्रथमदर्शनी ही सूचना विचित्र वाटेल. परंतु तिच्यामागे कारणे आहेत.

भीतीचे मूळ

पहिले कारण असे की, बोलता न येणे हा मुळात मनाचाच प्रश्न आहे. आपल्याकडील विद्यार्थ्यास शब्द ठाऊक नसतात असे नाही. बोलण्याच्या क्षणी ते हाताशी येत नाहीत, ही त्याची अडचण असते. मनाचा एक भाग काय सांगावे याचा विचार करीत असतो, तर दुसरा भाग चूक तर होत नाही ना, लोक हसणार तर नाहीत ना, यावर पहारा ठेवीत असतो. अशी मनाची वाटणी झाल्यावर वाक्य पुरे होणार कसे? स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८२ साली आपल्या ग्रंथात या अडसराचे विवेचन केले. भीती, संकोच आणि आत्मविश्वासाचा अभाव यांची एक जाळी मनापुढे उभी राहते, आणि कानांवर पडणारी भाषा त्या जाळीतून आत झिरपत नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे १९८६ साली एलेन हॉर्विट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गात वाटणाऱ्या भीतीचे मोजमाप करणारी प्रश्नावलीच तयार केली. ही भीती सर्वसाधारण भित्रेपणाहून निराळी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. एरवी धीट असणारा मनुष्यही परक्या भाषेत बोलताना गळपटतो, कारण स्वतःच्या भाषेत तो जेवढा शहाणा असतो तेवढा शहाणा परभाषेत दिसू शकत नाही. आपली प्रतिमा अकस्मात लहान झाल्याचे दुःख त्यास सोसावे लागते.

आपल्याकडे या भीतीस सामाजिक बाजूही आहे. खेड्यातील शाळेत एखाद्या मुलीने उच्चार चुकविला आणि वर्ग खदाखदा हसला, की पुढची कित्येक वर्षे ती मुलगी तोंड उघडत नाही. शुद्ध इंग्रजी म्हणजे प्रतिष्ठा आणि अशुद्ध इंग्रजी म्हणजे फजिती, असे समीकरण आपण समाज म्हणून रूढ केले आहे. कोणा हिंदी भाषकाने मराठी चुकीचे बोलले तर आपणास कौतुक वाटते. आपल्यापैकी एकाने इंग्रजी चुकीचे बोलले तर मात्र आपणास हसू येते. हा दोष शिक्षकांचा वा पाठ्यपुस्तकांचा नव्हे, तो आपल्या सर्वांचा आहे. तो दूर करावयाचा तर विद्यार्थ्यास प्रथम त्याच्या भीतीविषयी बोलू द्यावे लागेल. 'मला बोलताना भीती वाटते' हे वाक्य ज्याने इंग्रजीत दहा जणांसमोर उच्चारले आणि इतर नऊ जणांकडून तेच वाक्य ऐकले, त्याची निम्मी भीती तेथेच गळून पडते.

विषय आपलाच हवा

दुसरे कारण विषयाच्या निवडीसंबंधी आहे. संभाषणाची पुस्तके उघडून पाहावीत. विमानतळावर सामान हरवल्यावर काय म्हणावे, हॉटेलात खोली कशी मागावी, हवामानाविषयी काय बोलावे, यांनी ती भरलेली असतात. पवनारच्या मुलास विमानतळाची चिंता नाही. ज्या अनुभवाशी आपला संबंध नाही त्याविषयी बोलावयाचे म्हणजे पाठांतरावाचून गत्यंतर नसते, आणि पाठ केलेले संभाषण समोरच्याने एक शब्द इकडचा तिकडे केला की कोसळते. उलट, 'परीक्षेत आठवत नाही ते घरी येताच का आठवते?' असा प्रश्न टाकून पाहावा. प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काही तरी निघते. भावाशी अबोला का धरला, सकाळी उठण्याचा निश्चय तिसऱ्या दिवशी का मोडतो, शेजाऱ्याच्या मुलास नोकरी लागल्याचे ऐकून पोटात कसे होते, या गोष्टींत प्रत्येक जण स्वतःपुरता तज्ज्ञ असतो. त्यासाठी प्रवास, पैसा वा पुस्तकी माहिती लागत नाही. असतो तो आशय, नसतात ते शब्द. आणि आशय आधी असला म्हणजे शब्दांची भूक आपोआप लागते.

याला आपल्याच देशातील एका प्रयोगाचा आधार आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांमध्ये इंग्रजी अध्यापनाचा एक प्रयोग केला. बंगळूर प्रकल्प या नावाने तो जगभरच्या शिक्षकांना परिचित झाला. व्याकरणाचे नियम क्रमाने शिकविण्याऐवजी नकाशे, वेळापत्रके, छोटी कोडी असे प्रश्न मुलांपुढे ठेवावयाचे आणि ते सोडविताना इंग्रजी वापरावयास लावावयाचे, अशी त्याची रीत होती. मन अर्थामध्ये गुंतले असता भाषा नकळत अंगवळणी पडते, हे त्यामागचे सूत्र. त्या प्रयोगाच्या फलनिष्पत्तीविषयी मतभेद आहेत; सूत्र मात्र अनुभवास पटणारे आहे. नकाशातील वाट शोधण्यात जर मन गुंतते, तर स्वतःच्या मनाची वाट शोधण्यात ते किती गुंतेल?

शिवाय या विषयांना लागणारे शब्द दुर्मीळ नाहीत. आठवणे, विसरणे, वाटणे, घाबरणे, रागावणे, आशा धरणे, ठरविणे, टाळणे, लाजणे, क्षमा करणे यांसाठी इंग्रजीत जी क्रियापदे आहेत, ती त्या भाषेतील नित्याच्या वापरातली क्रियापदे होत. मुलाखतीत, कचेरीत, रुग्णालयात, रेल्वेच्या डब्यात हीच क्रियापदे पदोपदी लागतात. आपली कामाच्या ठिकाणची चूक समजावून सांगणारा कारागीर आणि रुग्णाची समजूत घालणारी परिचारिका या दोघांनाही तांत्रिक संज्ञांहून अधिक गरज असते ती या साध्या शब्दांची.

'मला राग आला'

तिसरे कारण भाषांच्या घडणीत दडलेले आहे, आणि आम्हांस ते विशेष महत्त्वाचे वाटते. मराठीत आपण म्हणतो 'मला राग आला', 'मला भीती वाटते', 'मला लाज वाटली', 'मला कंटाळा आला'. राग बाहेरून चालत येतो. मी केवळ तो ज्याच्याकडे आला असा यजमान. इंग्रजीत मात्र 'आय अ‍ॅम अँग्री', 'आय अ‍ॅम अफ्रेड' अशी रचना होते. तेथे मी कर्त्याच्या जागी असतो आणि राग माझेच विशेषण बनून येतो. मराठीत विसरतो 'मी', परंतु आठवते 'मला'. इंग्रजीत विसरणारा आणि आठवणारा दोन्ही ठिकाणी 'आय'च असतो. 'रागावलो', 'घाबरलो' अशी रूपे मराठीत नाहीत असे नव्हे. पण सहज तोंडी येते ती 'मला'ची रचना. आपल्या मुलांची इंग्रजी वाक्ये नेमकी या जागी अडखळतात, कारण मनात 'मला' असते आणि जिभेवर 'आय' आणावयाचे असते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना असे वाक्य उलटविण्याचा सराव कागदावर तरी होता. आज तोही उरलेला नाही.

हा केवळ व्याकरणाचा भेद मानून सोडून देता येणार नाही. 'त्याने मला राग आणला' असे म्हणताना आपण रागाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकतो. आणि इंग्रजीतही 'ही मेड मी अँग्री' असे म्हणून तीच पळवाट काढता येते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस याने १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा हाच की, घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला एक समज बसलेला असतो आणि भावना त्या समजातून उपजते. महाराष्ट्रात या विचाराचा परिचय कि. मो. फडके यांनी मराठीतून करून दिला. आता वर्गात एखाद्या मुलाने इंग्रजीत असे सांगून पाहावे: 'मित्राने नमस्कार केला नाही. मला वाटले, तो मला कमी लेखतो. म्हणून मी रागावलो.' तीन साधी वाक्ये, भूतकाळाचे तीन प्रयोग, आणि त्याबरोबरच घटना, समज व भावना यांचा उलगडा. भाषेचा आणि मनाचा अभ्यास एकाच पाटीवर होतो तो असा.

पवनारची शिकवण

आता कोणी विचारील की, ही सूचना पवनारच्या संदर्भात कशासाठी? वर्धा म्हणजे नई तालीमची भूमी. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांचे मोफत शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसाय यांचा पुरस्कार केला, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्या आधारे जो अभ्यासक्रम आखला त्यात इंग्रजीस स्थान नव्हते. त्याच वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून हिंदीचे कार्य करीत आली आहे. अशा भूमीत इंग्रजीच्या सरावाची भलामण करणे हा विसंगतीचा प्रकार नव्हे काय?

तसे आम्हांस वाटत नाही. गांधीजींचा विरोध इंग्रजी भाषेस नव्हता. मातृभाषेस तिच्या घरातून हुसकावून माध्यम म्हणून आणि प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून मिरविणाऱ्या इंग्रजीस तो होता. ते स्वतः 'हरिजन' हे साप्ताहिक इंग्रजीतून चालवीत होते. आणि नई तालीमचे जे मर्म, म्हणजे समवाय, ते तर आमच्या सूचनेच्या मुळाशीच आहे. चरख्यावर सूत कातताना गणित शिकावे, कापसाच्या निमित्ताने भूगोल शिकावा. ज्ञान जीवनातील प्रत्यक्ष कामाशी जोडलेले असावे, असा तो विचार. मनाचे व्यवहार हे तर असे काम आहे की ते दिवसरात्र चालू असते आणि ज्यास हत्यारे लागत नाहीत. त्याच्याशी भाषा जोडली तर तो समवायच होय. मातृभाषेचा पाया पक्का झाल्यावर कुमारांनी व तरुणांनी अशा रीतीने इंग्रजीचा सराव करावा, एवढेच आमचे म्हणणे आहे; शिशुवर्गातील बालकांच्या तोंडी इंग्रजी गाणी कोंबण्याशी त्याचा संबंध नाही.

विनोबांचे उदाहरण तर डोळ्यांसमोरच आहे. १९३८ साली प्रकृती ढासळल्यावर ते पवनारला येऊन राहिले. १९४० च्या ऑक्टोबरात पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांनी युद्धविरोधी भाषण केले तेही याच गावी. शाळेत त्यांनी फ्रेंच घेतली होती. संस्कृत पुढे स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकले. आणि १९४२ नंतरच्या कारावासात वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेकडील चारही भाषांचा त्यांनी अभ्यास केला. पुढे १९५१ पासून भूदानाच्या निमित्ताने जी पदयात्रा झाली, तिच्यात या भाषा त्यांना लोकांच्या अंतःकरणापर्यंत घेऊन गेल्या. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, त्यांनी कोणतीही भाषा भाषेसाठी म्हणून शिकली नाही. जे ग्रंथ, जे संत, जी माणसे जाणून घ्यावयाची होती, त्यांच्या ओढीने ते भाषेकडे गेले. आशय आधी आणि भाषा त्याच्या मागून, हा क्रम त्यांनी पाळला.

मनाचा अभ्यासही या परिसरास नवा नाही. गांधी-विनोबांच्या आश्रमांतील सायंप्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हटली जातात. विनोबांनी १९४४ साली सिवनीच्या तुरुंगात याच लक्षणांवर व्याख्याने दिली. 'स्थितप्रज्ञ-दर्शन' हा ग्रंथ त्यांतून सिद्ध झाला. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह आणि मोहातून स्मृतीचा भ्रंश अशी जी साखळी तेथे मांडली आहे, ती आजच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यासही विचार करावयास लावील. धर्मग्रंथ आणि प्रयोगशाळा यांची सरमिसळ करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या कसोट्या भिन्न आहेत. पण मनाविषयी बोलणे म्हणजे पाश्चात्त्यांची उसनवारी, असे समजण्याचे कारण नाही, इतके तरी यावरून स्पष्ट व्हावे.

'टेन्शन'ने गिळलेले शब्द

आतापर्यंत लाभ सांगितले. धोकाही सांगावयास हवा. मानसशास्त्राचे इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात अगोदरच शिरले आहेत, आणि ते अर्थ हरवून शिरले आहेत. 'टेन्शन' हा शब्द घ्या. कर्जाचा हप्ता थकला, टेन्शन. पाऊस लांबला, टेन्शन. मुलीचे लग्न जमत नाही, रात्र-रात्र झोप नाही, जगण्यात रस उरला नाही, या सर्वांस एकच शब्द. काळजी, धास्ती, घालमेल, हुरहूर, रुखरुख, उद्वेग, विषण्णता या प्रत्येक शब्दात मनाची निराळी अवस्था नेमकी पकडलेली आहे. रुखरुख ही झालेल्या गोष्टीची असते, हुरहूर न झालेल्या गोष्टीची. घालमेल दोन वाटांमधली, तर धास्ती एकाच अटळ संकटाची. एका आयात शब्दाने ही सारी श्रीमंती गिळून टाकावी, हे भाषेचे नुकसान तर आहेच. परंतु त्याहून मोठे नुकसान माणसाचे आहे. ज्यास आपले दुःख नेमके सांगता येत नाही, त्यास नेमकी मदतही मिळत नाही.

वर्धा जिल्ह्याने हे जवळून पाहिले आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली, त्यांत हा जिल्हा होता. त्या आत्महत्यांची कारणे कर्ज, भाव, सिंचन आणि धोरण यांत आहेत. त्यांस केवळ मनाचा आजार म्हणून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. पण संकटात सापडलेला मनुष्य 'जरा टेन्शन आहे' एवढेच म्हणून गप्प बसतो आणि ऐकणाराही 'सगळ्यांनाच असते' म्हणून उठून जातो, हेही तितकेच खरे. दुसऱ्या टोकास शहरातील तरुण आहेत. सिनेमाचे तिकीट मिळाले नाही तरी ते 'डिप्रेशन आले' म्हणतात. वैद्यकशास्त्र ज्यास हे नाव देते त्यात खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे ही अवस्था निदान दोन आठवडे, बहुतेक वेळ टिकून असावी लागते, आणि झोप, भूक, एकाग्रता यांवर तिचा परिणाम दिसावा लागतो. शब्द जेथे हवा तेथे वापरला जात नाही आणि नको तेथे उधळला जातो, अशी ही स्थिती.

म्हणून हा सराव दुहेरी व्हावयास हवा. इंग्रजीतील 'वरी', 'फिअर', 'अँग्झायटी', 'गिल्ट', 'शेम' हे शब्द शिकताना प्रत्येकाची सांगड मराठीतील कोणत्या शब्दाशी बसते आणि कोठे बसत नाही, याची चर्चा वर्गात झालीच पाहिजे. 'गिल्ट' आणि 'शेम' यांतील अंतर शोधताना अपराधीपणा आणि लाज यांतील अंतर मुलांना नव्याने कळेल. इंग्रजी शिकता-शिकता मराठी अधिक डोळस होईल. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी देशाच्या निरनिराळ्या भागांतून येतात आणि त्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. त्यांच्यापुढे हाच प्रश्न उलट बाजूने उभा असतो. 'जीव घाबरा होतो', 'मन लागत नाही' हे बाईचे बोलणे त्यांस आपल्या इंग्रजी शास्त्रात बसवावयाचे असते. अशा दोन्ही बाजूंच्या तरुणांनी एकत्र बसून शब्दांची देवाणघेवाण केली, तर लाभ दोघांचाही आहे.

संध्याकाळचा एक तास

हे सारे प्रत्यक्षात कसे यावे? त्यास इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. गावातील वाचनालय वा शाळेची खोली, दहा-बारा जण, आठवड्यातून तीन संध्याकाळी एक तास, आणि भ्रमणध्वनीवर ऐकविता येईल असा सोप्या इंग्रजीतील पाच मिनिटांचा उतारा, एवढे पुरे.

आरंभ ऐकण्यापासून व्हावा. उतारा दोनदा ऐकवावा, आणि त्या वेळी समोर कागद नसावा. मराठीत प्रत्येक अक्षरास साधारण सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत जोर एका अक्षरावर पडतो आणि शेजारची अक्षरे दबून जातात. 'कम्फर्टेबल' असे लिहून शिकलेल्या मुलास 'कम्फ्टबल' ऐकू आले की शब्द नवाच वाटतो. डोळ्यांनी शिकलेली भाषा कानांना अनोळखी राहते ती अशी. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांसाठी रेडिओवरील इंग्रजी पाठ तयार केले, त्यामागे कानांना अग्रमान देण्याचीच दृष्टी होती. पहिल्या खेपेस काय समजले ते मराठीत सांगावे, दुसऱ्या खेपेस इंग्रजीत तीन वाक्यांत सांगावे. मराठीची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

नंतर बोलणे. येथे कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने सुचविलेली एक युक्ती फार उपयोगी पडेल. वाद-चर्चेत प्रत्येकाने आपले मत मांडण्यापूर्वी आधीच्या वक्त्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल अशा रीतीने पुन्हा सांगावयाचे, असा तो नियम. रॉजर्सने तो माणसांमधील गैरसमज दूर व्हावेत म्हणून सांगितला. भाषेच्या वर्गात त्याने ऐकणे, शब्द बदलून सांगणे आणि बोलणे हे तिन्ही साधते. शिवाय दुसऱ्याचे ऐकून घेण्याची जी सवय आपल्या सार्वजनिक जीवनातून नाहीशी होत चालली आहे, तीही लागते. बोलताना झालेल्या चुका मध्येच तोडू नयेत. त्या टिपून ठेवून शेवटी नाव न घेता सर्वांस मिळून सांगाव्यात. ज्यास एखाद्या दिवशी बोलावयाचे नसेल त्यास गप्प राहण्याची मुभा असावी.

शब्दांच्या बाबतीत हेर्मान एबिंगहाउसचे स्मरण ठेवावे. १८८५ साली या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेल्यातील मोठा भाग पहिल्या दिवसातच निसटतो, पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावतो. आणि उजळणी अंतराअंतराने केल्यास ती अधिक टिकते. म्हणून एका दिवशी पन्नास शब्दांची यादी घोकण्याऐवजी सात-आठ शब्द घ्यावेत, प्रत्येकाचे स्वतःच्या आयुष्यातील एक वाक्य करावे, आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने ते पुन्हा तोंडून निघावेत. विसरण्याविषयीचा हा धडाच पहिल्या आठवड्याचा विषय का होऊ नये? विसरणे हा बुद्धिमांद्याचा पुरावा नाही, मनाची ती रीतच आहे, असे कळले की हताश विद्यार्थ्यासही हुरूप येतो.

दोन आक्षेप

एक आक्षेप असा येईल की, मनाविषयी बोलता-बोलता कोणाची जखम उघडी पडली तर? हा आक्षेप रास्त आहे. भाषेचा वर्ग म्हणजे उपचारकेंद्र नव्हे आणि शिक्षक म्हणजे वैद्य नव्हे. विषय रोजचे व हलके असावेत, कोणासही खाजगी गोष्ट सांगण्याचा आग्रह होऊ नये, आणि वर्गातले बोलणे वर्गाबाहेर जाऊ नये. कोणाच्या बोलण्यात गंभीर निराशा दिसली, तर त्याच्याशी त्याच्या भाषेत, एकांतात बोलावे आणि जाणत्या डॉक्टरकडे न्यावे. २०२२ सालापासून टेलि-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे व तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरा आक्षेप असा की, व्यक्तिमत्त्व-विकासाच्या नावाने शहरोशहरी जी दुकाने थाटली आहेत, त्यांत आणखी एकाची भर पडेल. तेथे 'मी जिंकणारच' यासारखी वाक्ये इंग्रजीत घोकून घेतली जातात आणि त्यासाठी गरीब पालकांकडून हजारो रुपये घेतले जातात. आमच्या सूचनेत घोषवाक्ये नाहीत आणि शुल्कही नाही. 'मी जिंकणारच' याऐवजी 'मला भीती वाटते, तरी मी प्रयत्न करीन' हे वाक्य अधिक खरे आहे, आणि इंग्रजीत ते बोलावयास अधिक कठीणही आहे.

विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्षाचे मौन पाळले. त्या काळातील राजकारणाच्या संदर्भात त्या मौनाची बरीच चर्चा झाली. तो विषय निराळा. इतक्या भाषा आत्मसात केलेला पुरुष बोलणे थांबवितो तेव्हा शब्दाचे मोल काय, हा प्रश्न तरी आपणापुढे उभा राहतो. आपली मुले मात्र मौन स्वेच्छेने पाळीत नाहीत. भीतीने आणि संकोचाने ते त्यांच्यावर लादले आहे. ते मोडावयाचे तर त्यांना उसने संवाद देऊन भागणार नाही. त्यांच्याच मनात जे आहे ते ऐकून घेणारी माणसे गावोगाव हवीत. सेवानिवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन तरुण, परिचर्या शिकणाऱ्या मुली यांच्यापैकी दोघा-चौघांनी मनावर घेतले तरी पवनारसारख्या गावात हे काम सुरू होऊ शकेल. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.